नानांनी खोटा ठरवलेला रुपया

नाना जिवंत आहेत. हे आधीच सांगून टाकतो, कारण एखाद्या म्हाताऱ्या माणसाबद्दल कुणी मन लावून लिहायला बसलं की वाचणारे दुसऱ्या ओळीपासूनच हळहळायला लागतात. हळहळू नका. नाना केडगावात आहेत, ठणठणीत आहेत, सकाळी भाकरी कुस्करून खातात आणि त्यांचा आवाज अजून शेजारच्या गल्लीत ऐकू जातो. मीच त्यांच्याकडं जात नाही.

परवा माझ्या भाच्याचा पुण्याहून फोन आला. मोबाईलवर चांदीच्या जुन्या नाण्यांचा लिलाव लागलाय, घ्यावं म्हणतो, पण असला बाजार खरा की खोटा हे ओळखायचं कसं, असं विचारत होता. मी तोंड उघडलं आणि त्यातून एकामागून एक नानांचीच वाक्यं बाहेर पडायला लागली. भाचा म्हणाला, मामा, तू तर जाणकारच झालास की. फोन ठेवून मी एकटाच हसत बसलो. फसवणूक ओळखायची विद्या आम्हाला नानांनी शिकवली आणि एक पैसा न घेता शिकवली. फी त्यांनी नंतर घेतली, एकरकमी.

नाना म्हणजे त्र्यंबक औटी. सारी हयात त्यांनी बाजार समितीत कांद्याचे लिलाव पुकारण्यात घालवली. ज्यांनी कांद्याचा लिलाव पाहिलेला नाही त्यांनी डोळ्यासमोर एक लांबलचक पत्र्याची शेड आणावी. तिच्यात ढीग लागलेले. एका शेतकऱ्याचा एक ढीग म्हणजे एक वक्कल. पुकारणारा पुढं, व्यापाऱ्यांचा घोळका मागं, आणि प्रत्येक ढिगापाशी त्याचा मालक, पोरीला बघायला पाहुणे आल्यासारखा अवघडून उभा. घोळका एका ढिगापाशी थांबतो तो तांब्याभर पाणी प्यायला लागतं तेवढाच वेळ. तेवढ्यात नाना एक कांदा उचलणार, हवेत उडवून झेलणार, भाव पुकारणार, चढवणार, "सरकारी एकवार" म्हणत तोडणार आणि पुढच्या ढिगावर गेलेले असणार. मागं राहिलेल्या शेतकऱ्याला आपला वर्षाचा कांदा गेला हे कळायच्या आत शेजाऱ्याचाही गेलेला असायचा.

अंगानं ठेंगणे. मान अशी नाहीच, टोपी थेट खांद्यावर ठेवल्यासारखी. गालात कायम ज्येष्ठमधाची काडी, कारण गळा हेच भांडवल. आणि या गळ्याची एक अडचण होती. नानांना हळू बोलता यायचं नाही. एकदा एका मयताच्या घरी ते भेटायला गेले आणि मयताच्या भावाच्या कानाशी लागून दबक्या आवाजात त्यांनी विचारलं, "कशानं गेले?" तर रस्त्याच्या पलीकडून केळीवाला म्हणाला, "हार्ट अटॅक, नाना."

निवृत्त झाल्यावर नानांना घर खायला उठलं. मुलानं मोबाईल घेऊन दिला, आणि त्या मोबाईलवर लिलाव चालतात हा शोध नानांना लागला. मग काय. लोक क्रिकेट बघतात तसे नाना लिलाव बघायला लागले. सुरुवातीला बँकांनी ओढून आणलेल्या ट्रॅक्टरांचे बघितले. त्यात त्यांना करमेना. ट्रॅक्टरच्या लिलावात माणूस गरजेपायी येतो, त्यात काय बघायचं, असं त्यांचं म्हणणं. चांदीच्या नाण्यांच्या लिलावात माणूस वेडापायी येतो, आणि वेड्याला बघायला मजा येते.

असे वेडे आम्ही नगरात रविवारी सकाळी जमायचो. आमचे यजमान गुगळेशेठ, त्यांचं औषधांचं दुकान. दुकानामागच्या गोदामात सलाईनच्या खोक्यांवर आम्ही बसायचो आणि एकमेकांची नाणी भिंगातून बघून नावं ठेवायचो. गुगळेशेठ इंग्रजांच्या राजांची नाणी जमवायचे. मी लग्नपत्रिकांचा छापखानेवाला, मी जे स्वस्त मिळेल ते जमवायचो. आणि तिसऱ्या साळवेबाई. त्या रविवारच्या पहिल्या एसटीनं जामखेडहून यायच्या. त्यांच्याबद्दल पुढं सांगतो, कारण ही गोष्ट जितकी नानांची तितकीच त्यांची आहे.

तर एका रविवारी गुगळेशेठ मोबाईलवर एका एडवर्डच्या रुपयावर बोली लावत होते. समोरचा चढवत होता, शेठ चढवत होते, त्यांच्या कपाळावर घाम. इतक्यात दुकानाच्या काउंटरकडून, ब्लडप्रेशरच्या गोळ्या घ्यायला आलेल्या कुणाचा तरी आवाज आला. आवाज कसला, शेल्फावरच्या बाटल्या थरथरल्या.

"शेठ, थांबा. समोरचा घरचा हाय."

आम्ही बाहेर डोकावलो. नाना आत येऊन एका खोक्यावर बसले, डोळे मिटले आणि मला म्हणाले, "पत्रिकावाले, आतापातूरच्या बोल्या वाचा. कोनती कितीला आली त्ये नगं. कधी आली त्ये वाचा."

मी वाचत गेलो. नाना मांडीवर बोटानं ठेका धरत गेले. मग डोळे उघडून त्यांनी आम्हाला पहिला धडा दिला. खरं गिऱ्हाईक अडखळतं. ते मनात हिशेब करतं, बायकोला विचारतं, नको म्हणून उठतं आणि परत येऊन बसतं. प्रत्येक बोलीला त्याला वेगळा वेळ लागतो. आणि हा समोरचा दर वेळी शेठची बोली आली रे आली की लगेच चढवतोय. याला बायको नाही. हा विकणाऱ्यानंच भाव चढवायला बसवलेला माणूस.

शेठनी बोली सोडली. नाणं त्या बायको नसलेल्याला गेलं. आणि पुढच्या आठवड्यात तेच नाणं, राजाच्या कानावरच्या त्याच चऱ्यासकट, पुन्हा लिलावाला आलं. गुगळेशेठनी त्या दिवशी नानांना पेढे आणले, जे त्यांनी मुलगा बारावी पास झाला तेव्हाही आम्हाला आणले नव्हते.

त्या दिवसापासून नाना आमचे झाले. खरं तर आम्ही नानांचे झालो.

नाण्यातलं नानांना फारसं कळायचं नाही. बादशहांची नावं ते सर्रास एकमेकांत मिसळायचे. पण बाजार कळायचा, आणि माणसं कळायची. एकदा मी हौसेनं त्यांना एक जाहिरात दाखवली. मराठी घराण्यातली नाणी, आजीनं पिढ्यान्‌पिढ्या जपलेली, असा मथळा आणि खाली काळीशार, जुनाट दिसणारी चांदीची नाणी. शौकिनाला हाच काळा रंग हवा असतो. मी अर्धा भुललो होतो. नानांनी फोटो लांब धरून बघितला.

"ही आजी दिवाळीला काय करायची?"

"म्हणजे?"

"आपली आजी लक्ष्मीपूजनाच्या आधी चिंच घिऊन बसती आन्‌ घरातलं चांदीचं सगळं घासून काढती. लख्ख. मग कुकू लावती. चार पिढ्या घासल्याव राजाचं नाक राहतं का? आन्‌ ह्या नाण्याच्या खाचंत कुकवाचा एक कन न्हाई." त्यांनी मोबाईल माझ्या हातात दिला. "नानी खरी असतील. आजी इकत घेतलेली हाय."

मी ते हसून जिल्हाभर सांगितलं. आणि पुढं नाण्याचा फोटो आला की आम्ही सगळे आधी कुंकू शोधायचो.

त्यांची तिसरी कसोटी मला सगळ्यात आवडायची. एखादा नवा लिलाववाला निघाला की नाना त्याच्याकडं काही घ्यायचे नाहीत. विकायला पाठवायचे. एक साधा, झिजलेला रुपया लिलावासाठी द्यायचा आणि बघायचं, पैसे येतात का, कधी येतात, कापून येतात का. ज्या बाजारातून पैसा बाहेर येतो त्याच बाजारात पैसा घालावा, हे त्यांचं सूत्र. अनामत भरून बघावी, बोली न लावता गप बसावं. न मागता अनामत परत आली तर तो बाजार खरा. चोरानं हिसकावलेलं एखादे वेळी त्याच्या हातून सुटतं, पण आपण होऊन दिलेलं सुटत नाही, असं ते म्हणायचे. या एका कसोटीवर त्यांनी दोन ठकबाज उघडे पाडले. एकानं गुगळेशेठच्या साडूला चांगला गंडा घातला होता, तो उघडा पडल्यावर तर अख्ख्या जिल्ह्यातले नाणेवाले बोलीआधी नानांना फोन करायला लागले. नाना फोनवर निकाल द्यायचे. घ्या, किंवा सोडा. कारणं मागायची सोय राहिली नव्हती. आम्ही आमचे डोळे गुगळेशेठच्या गोदामातच कुठंतरी खोक्यात भरून ठेवले होते.

आता साळवेबाई. जामखेड तालुक्यातल्या एका शाळेत त्यांनी इतिहास शिकवला. निवृत्त झाल्या, तरी वर्षातून एकदा आपली नाण्यांची लाकडी पेटी घेऊन त्या शाळेत जायच्या. त्यांचा संग्रह आमच्या कुणासारखा नव्हता. "बादशहा तुम्ही सांभाळा," त्या म्हणायच्या, "मी बायका सांभाळते." म्हणजे ज्यांनी राज्य केलं, ज्यांचं राज्यावर वजन होतं अशा बायकांच्या काळातली नाणी. व्हिक्टोरिया होती, भोपाळच्या बेगमा होत्या, नूरजहाँच्या नावाचा झिजून गुळगुळीत झालेला एक रुपया होता. आम्ही नाणी कडेला धरून, श्वास रोखून बघणारी माणसं. बाई ती सातवीतल्या पोरींच्या तळहातावर ठेवायच्या. हाताला लागल्याशिवाय इतिहास लागत नाही, असं म्हणायच्या. पोरी नाणं मुठीत दाबून बघायच्या आणि मग दर वर्षी कुणीतरी विचारायचीच, बाई, आणि आपल्या देवींचं?

आपल्या देवी म्हणजे अहिल्यादेवी. त्यांचं जन्मगाव चौंडी, त्याच तालुक्यातलं. शाळेच्या खिडकीतून दिसत नाही एवढंच. आणि त्यांचंच नाणं पेटीत नाही. त्यांच्या काळच्या रुपयावर नाव दिल्लीच्या बादशहाचं असतं, पण शेजारी महादेवाची पिंड आणि बेलाचं पान. बाई पोरींना सांगायच्या, नाव बादशहाचं, पान आपल्या बाईचं. पण फळ्यावर काढून. पुढच्या वर्षी खरं आणते, असं सांगून यायच्या. तसा रुपया मिळतो, पण बहुतेक देवींच्या नंतरच्या काळात पाडलेला. बाईंना त्यांच्या हयातीतल्या सालाचाच हवा होता. आणि तेवढ्यात जिल्ह्याचं नाव अहिल्यानगर झालं. मग विचारूच नका. आमच्याकडं ज्याला नाण्यातलं ओ की ठो कळत नाही त्यालाही बेलपानाचा रुपया हवासा झाला.

आणि एका रविवारी बाई आल्या त्या एसटीतून उतरून पळत आल्यासारख्या. त्यांनी मोबाईल पुढं केला. दक्षिणेकडच्या एका लिलाववाल्याकडं बेलपानाचा रुपया लागला होता. साल देवींच्या हयातीतलं, काठावर पुसट पण वाचता येणारं. बाईंनी नाव नोंदवून अनामतही भरून टाकली होती. फक्त नानांचा शब्द हवा होता.

नाना एरवी जागच्या जागी निकाल द्यायचे. त्या दिवशी म्हणाले, दोन दिवस द्या.

दोन दिवसांनी त्यांनी आम्हाला गोदामात बोलावलं. रविवार नसताना. ज्येष्ठमधाची काडी त्यांनी गालातून काढून खिशात ठेवली, म्हणजे भाषण मोठं होतं. हा बाजार खोटा आहे, असं त्यांनी सांगितलं. फोटो दुसऱ्याच नाण्याचा आहे. बोल्या लावणारे घरचे आहेत. वजन लिहिलंय ते वजनकाट्यावर केलेलं नाही, पुस्तकातून उतरवलेलं आहे. एकेक कारण ते असं ठेवत गेले की मी मनातल्या मनात टाळ्या वाजवल्या. बाई ऐकत होत्या. त्यांनी फक्त एवढंच विचारलं, "नाना, नक्की?"

"बाई, तुमास्नी मी बुडू दीन व्हय?"

बाईंनी मोबाईल पर्समध्ये ठेवला. नाना पुढं म्हणाले, "एक काम करा. तुमी शिकल्या-सवरल्या, तुमचं लोक ऐकत्यात. आपल्या जिल्ह्यातल्या समद्यास्नी लिहून सावध करा. पुन्य लागंल."

आणि बाईंनी लिहिलं. जिल्ह्यातल्या नाणेवाल्यांच्या मोबाईलवरच्या गटात, स्वच्छ मराठीत, कारणांसकट. त्या नाण्याचे खरे वेडे आमच्याच जिल्ह्यात होते. सगळे मागं सरले. वर सगळ्यांनी बाईंचे आभार मानले.

पुढं महिन्याभरानं एका रविवारी बाई आल्या आणि त्यांनी मोबाईल नानांसमोर धरला. त्या लिलाववाल्याकडून अनामत परत आली होती. पूर्ण. न मागता. सोबत दोन ओळी, पुन्हा अवश्य सहभागी व्हा.

"तुमच्या कसोटीला उतरला की हा बाजार, नाना," बाई म्हणाल्या. आवाजात आरोप नव्हता. गणित सुटत नसलेल्या मुलीनं मास्तरांना दाखवावं तसं दाखवत होत्या.

नाना म्हणाले, हे नव्या तऱ्हेचे चोर असतील. मग त्यांनी चहा मागवला, आणि चहा येईपर्यंत कांद्याच्या भावावर बोलत राहिले, कुणी विचारलेलं नसताना. मी गुगळेशेठकडं बघितलं. गुगळेशेठ छताकडं बघत होते.

बाईंनी त्या कंपनीला फोन केला. घेणाऱ्याचं नाव तिथल्या मुलीनं सांगितलं नाही, सांगायला नकोच होतं. पण पोरगी मनमोकळी निघाली. म्हणाली, मॅडम, तुमच्याच जिल्ह्यात आलंय की ते, आणि फारच कमी बोलीत सुटलं, आम्हालाच नवल वाटलं. हे बाईंनी मला सांगितलं आणि पुढं कुणाबद्दल काहीच बोलल्या नाहीत. माझ्याही मनात एक नाव आलं की तोंडात दुसरा विषय यायचा.

मग दिवाळी आली. नानांच्या मुलानं केडगावात बी-बियाण्यांचं नवं दुकान टाकलं होतं आणि लक्ष्मीपूजनाला संध्याकाळी सगळ्यांना प्रसादाला बोलावलं होतं. बाई बहिणीकडं नगरला आल्या होत्या, मीच त्यांना घेऊन गेलो. खतांच्या पोत्यांसमोर पाट मांडला होता, तराजू, वह्या, लाह्या-बत्तासे, आणि ताम्हनात चांदीची नाणी. बाई बौद्ध. त्या पूजेला हात जोडत नाहीत, पण दुसऱ्याच्या घरच्या पूजेजवळ नीट उभ्या राहतात. तशा उभ्या राहिल्या आणि त्यांची नजर ताम्हनात गेली.

नानांची सून, वैशाली, मोठी बोलकी. बाई नाणी बघतायत म्हटल्यावर तिला हुरूप आला. "बाई, त्ये मधलं बघा. नानांनी देवघरात डबीत घालून ठिवलं हुतं, येवढं काळंकुट्ट. म्या चिंचेनं घासघास घासलं. आता कसं चमकतंय."

मधलं नाणं लख्ख चमकत होतं. त्यावर पिंड होती आणि बेलाचं पान. पानावर कुंकवाचा टिळा.

त्याच क्षणी नाना प्रसादाचं ताट घेऊन मागच्या दारातून आत आले. त्यांनी आधी ताम्हन बघितलं, आणि त्यांचा चेहरा पडला. घासलेलं नाणं बघून. मग त्यांनी बाईंना बघितलं.

दुकानात माणसं होती. मुलगा होता, सून होती, शेजारचे दुकानदार होते. बाई अगदी साध्या आवाजात म्हणाल्या, "नाना, हे तुम्ही खोटं म्हणाला होता."

"व्हय," नाना म्हणाले. "खोटंच हाय."

"खोटं नाणं लक्ष्मीपुढं ठेवलंत?"

"देवाला काय खरं आन्‌ काय खोटं, बाई."

"मग मला द्या. मी पोरींना दाखवते. खोटं म्हणून सांगून दाखवते."

नानांच्या गळ्याच्या शिरा मी चाळीस पावलांवरून ओळखल्या असत्या. त्या फुगल्या. मग नानांना वाट सापडली. बाजारातल्या माणसाला सापडतेच.

"आज लक्ष्मी घराभाईर देत न्हाईत," ते म्हणाले.

हे खरंच आहे. आमच्याकडं त्या दिवशी कुणी घरातला पैसा बाहेर देत नाही. वैशालीनंही मान डोलावली. बाईंनी बत्तासा तोंडात टाकला, पाडवा झाल्यावर येते म्हणाल्या, आणि निघाल्या. रिक्षात त्या मला फक्त एवढंच म्हणाल्या, "मीच लिहिलं हो सगळ्यांना. माझ्या नावानं."

पाडव्यानंतर त्या खरंच गेल्या. दुकानात वैशाली होती. नाना भंडारदऱ्याकडं लेकीच्या गावी गेले होते, कधी येतील ते सांगून गेले नव्हते. रविवारी गोदामात नानांचं खोकं रिकामं राहायला लागलं. गुगळेशेठनी त्यावर दोन-तीन आठवडे काही ठेवलं नाही. मग खोकल्याच्या औषधाचा माल आला तेव्हा ठेवला.

मला एक गोष्ट राहून राहून वाटायची, आणि ती थोडी गमतीचीही होती. नाणं नानांच्या हातात होतं, पण आपल्याच शब्दानं त्यांनी ते जिल्हाभर खोटं करून ठेवलं होतं. दाखवावं कुणाला? विकावं कुणाला? मी बाईंना हे बोलून दाखवलं तर त्या हसल्या नाहीत.

त्या थंडीत नगरच्या एका मंगल कार्यालयात नाण्यांचं प्रदर्शन भरलं. बाहेरगावचे व्यापारी काचेच्या पेट्या मांडून बसले होते. आम्ही तिघं फिरत होतो आणि एका टेबलापाशी टोपी दिसली. मान नसलेली. नाना रुमालातून काहीतरी काढून व्यापाऱ्यापुढं ठेवत होते.

व्यापाऱ्यानं भिंग लावलं, नाणं उलटसुलट केलं आणि परत सरकवलं. तो म्हणाला, बाबा, इतकं चकचकीत जुनं नाणं नसतं. शिवाय तुमच्याच जिल्ह्यातल्या लोकांनी सगळीकडं लिहिलंय, बेलपानाचा एक खोटा रुपया फिरतोय म्हणून. नाना म्हणाले, खरं हाय. व्यापारी म्हणाला, कशावरून? आयुष्यभर नाना हाच प्रश्न दुसऱ्यांना विचारत आले होते.

व्यापाऱ्यानं मान वर केली, बाईंना बघितलं आणि त्याला बरं वाटलं. बाईंना त्या व्यवसायात सगळे ओळखतात. "या मॅडमनीच लिहिलं होतं," तो म्हणाला. "मॅडम, हेच का ते?"

नानांनी वळून बघितलं. मी त्यांच्या डोळ्यांत शोधलं. लाज शोधली, खरं सांगायचं तर. तिथं वाट बघणं होतं, ढिगापाशी उभ्या असलेल्या माणसाचं.

बाईंनी ते नाणं कडेला धरून उचललं नाही. तळहातावर ठेवलं, जसं पोरींच्या हातावर ठेवायच्या, आणि मूठ मिटली. बराच वेळ. मग मूठ उघडून भिंग घेतलं, काठावरचं साल वाचलं. त्या वेळी त्यांनी "खोटं" म्हटलं असतं तर ते नाणं पडेल त्या किमतीला त्यांच्या पेटीत आलं असतं. हे मला सुचलं होतं. गुगळेशेठना सुचलं होतं, त्यांनी माझ्या कोपराला कोपर लावलं. नानांना तर सुचलं असणारच. बाईंना सुचलं नसेल असं कसं म्हणू.

"खरं आहे," बाई म्हणाल्या. "देवींच्या हयातीतलं आहे. चिंचेनं घासलंय, तेवढं वाईट झालं. मी लिहिलं ते चुकीचं होतं, आजच दुरुस्त करते."

आणि नाणं त्यांनी टेबलावर ठेवलं.

मला वाटलं, आता नाना ते उचलून बाईंच्या हातात देतील. देणार नसतील तर निदान आधी त्यांना विचारतील, घेता का म्हणून. नाना व्यापाऱ्याकडं वळले आणि त्यांनी भाव सांगितला. व्यापाऱ्यानं थोडी घासाघीस केल्यासारखं केलं आणि दिला. बाईंच्या शब्दानंतर त्याला दुसरं काही विचारायचं उरलं नव्हतं. नोटा मोजून आतल्या खिशात घालून नाना निघाले. आमच्यापाशी क्षणभर थांबले, माझ्या खांद्यावर हात ठेवला आणि हळू बोलायचा प्रयत्न करत म्हणाले, "बाई लई सरळ मानूस. त्यांच्यामुळं भाव आला."

अख्ख्या हॉलनं ते ऐकलं. आणि ते कुत्सितपणानं नव्हतं, हेच मला आजवर पचलेलं नाही. मनापासून कौतुक होतं.

व्यापाऱ्यानं नाणं काचेच्या पेटीत ठेवून शेजारी किमतीची चिठ्ठी लावली. बाईंनी वाकून ती वाचली आणि सरळ उभ्या राहिल्या. "पोरींना सांगीन," त्या म्हणाल्या, "हातात घेतलं होतं म्हणून."

दाराशी चहावाला उभा होता. नाना त्याच्यापाशी दोन मिनिटं थांबले, आमच्याकडं बोट करून त्याला काही सांगितलं, टोपी नीट केली आणि उन्हात बाहेर पडले. थोड्या वेळानं चहावाला तीन कप घेऊन आमच्याकडं आला. बाबांनी पाठवलाय, म्हणाला. गुगळेशेठ घेईनात. बाईंनी घेतला, म्हणून आम्हीही घेतला. आल्याचा चहा होता, चांगला होता. मला वाटलं, चला, एवढं तरी केलं माणसानं.

कप परत घेताना चहावाला तिथंच घुटमळला.

"काय रे?" मी विचारलं.

"पैसे," तो म्हणाला. "बाबा म्हनले, बाईंकडून घे."

गुगळेशेठ लालबुंद झाले. बाईंनी त्यांना हातानं थांबवलं आणि पर्स उघडली. आणि त्या सगळ्या प्रकारात पहिल्यांदाच त्यांना हसू फुटताना मी बघितलं.

"किती झाले? तीन ना?"

"चार," चहावाला म्हणाला. "बाबांनी बी घेतला की."